बटण तुटले म्हणून सदरा फेकायचा का?

घरात अभियंता आहे, कपाटात सुट्या भागांचे डबे आहेत, तरीही संगणक नवा घेण्याची वेळ येते. पगार, महागाई आणि छंद यांच्या ओढाताणीत सापडलेल्या घरांसाठी थोडा हिशेब आणि थोडा विचार.

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजाराची कीर्ती देशभर आहे. परदेशी पाठवण्यासाठी शिवलेले, पण एखादी शिवण वाकडी गेली किंवा बटण कमी पडले म्हणून मागे राहिलेले कपडे इथे ढिगाने येतात. घेणारी बाई सदरा उलटा करून पाहते, शिवण तपासते, सांगितलेला भाव अर्ध्यावर आणते आणि घरी जाऊन तुटलेल्या बटणाच्या जागी दुसरे लावते. सदरा पुढे चार वर्षे वापरला जातो. बटण तुटले म्हणून सदरा फेकावा, हा विचार या बाजारात कुणाच्या मनालाही शिवत नाही.

मात्र याच बाजाराच्या पाठीमागे सरकारी वसाहतीत राहणाऱ्या अभियंत्याला वेगळाच प्रश्न छळत असतो. सदऱ्याला लागू पडणारा हा साधा हिशेब आपल्या घरातल्या संगणकाला का लागू पडत नाही? यंत्र चालू आहे, पडदा स्वच्छ दिसतो, कळफलकाची एकही कळ निघालेली नाही आणि तरीही ते ‘जुने’ ठरले. ते कुणी ठरवले? कशासाठी? आणि त्याचे पैसे कुणाच्या खिशातून जाणार?

हा प्रश्न एकट्या अभियंत्याचा नाही. संगणक आता घरातल्या गॅसच्या शेगडीसारखा झाला आहे. मुलांचा अभ्यास, विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, आयकराचा परतावा, सगळे त्यावरच. तो बंद पडला की घर अडते. पण ज्याला यंत्राच्या आतले कळते, त्याची चिडचिड इतरांपेक्षा जास्त असते. रोग दिसत असतो आणि औषध करता येत नसते.

क्वार्टरमधला प्रयोगशाळेचा कोपरा

सरोजिनी नगर पूर्वी विनय नगर म्हणून ओळखले जाई. पुढे त्याला सरोजिनी नायडूंचे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी इथे क्वार्टर बांधली गेली आणि देशाच्या सगळ्या प्रांतांतली कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. बदलीच्या नोकरीत महाराष्ट्रातून आलेली घरेही त्यात होती.

दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये छंदासाठी वेगळी जागा कुठून येणार? व्हरांड्याचा एखादा कोपरा, शिवणयंत्राशेजारचे टेबल किंवा पलंगाखालची पत्र्याची पेटी, एवढ्यावरच भागवायचे. त्या पेटीत काय नसते? जुन्या रेडिओतले ट्रान्सफॉर्मर, तऱ्हेतऱ्हेचे रोधक, बिस्किटांच्या डब्यात ठेवलेले स्क्रू, एक मल्टिमीटर आणि टोक काळे पडलेले सोल्डरिंग आयर्न. अशा घरांत पुढचा संवाद कधी ना कधी ठरलेला असतो.

“अहो, त्या डब्याला हात लावून किती वर्षं झाली? टाकून द्या ना आता!”

“टाकायचा कशाला? कामाचं सामान आहे त्यात.”

“मग घ्या ना कामाला! पोरीचा लॅपटॉप पंधरा दिवस झाले बंद आहे. घरात इंजिनिअर असून उपयोग काय?”

या शेवटच्या वाक्यावर अभियंता गप्प बसतो. शेजारीही मदतीला येतातच, “तुम्ही तर इंजिनिअर, बघा ना जरा आमचाही कॉम्प्युटर!” हा अभियंता पुलांचे आराखडे तपासत असो की पाण्याच्या वाहिन्यांचे, ते विचारण्याची तसदी कुणी घेत नाही.

आता ही जुनी क्वार्टरही राहिलेली नाहीत. दक्षिण दिल्लीतल्या सात सरकारी वसाहती पाडून नव्याने बांधण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१६ मध्ये मंजुरी दिली. त्यात सरोजिनी नगरही होते. २०१८ साली झाडे तोडण्यावरून मोठे आंदोलन झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२५ मध्ये इथल्या २८ मनोऱ्यांचे आणि त्यांतल्या अडीच हजारांहून अधिक घरांचे उद्घाटन झाले. घर बदलताना सगळ्यात आधी काय निघते? अर्थातच ती पत्र्याची पेटी! नव्या घरात ती न्यायची की भंगारवाल्याला द्यायची, या प्रश्नात केवळ जागेची अडचण नसते. एका माणसाच्या आवडीला घरात किती जागा आहे, हेही त्यात ठरत असते.

चालणारे यंत्र म्हातारे कसे झाले?

समजा, एखाद्या घराने २०१६ साली चांगला संगणक घेतला. अभियंत्याने त्याची काळजी घेतली, धूळ झाडली, स्मृती वाढवली. विंडोज १० ही प्रणाली त्यावर व्यवस्थित चालत होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची ठेवली. पुढची प्रणाली, म्हणजे विंडोज ११, घालावी तर ती सुरक्षेची एक ठरावीक चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर मागते. इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर यादीत बसत नाहीत. २०१६ चा संगणक त्यामुळे दाराबाहेरच राहतो.

सुरक्षेचे कारण खोटे नाही. आधार संपलेल्या प्रणालीत सापडलेली नवी फट बुजवली जात नाही आणि अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे असते. पण सर्वसामान्य घराला समजते ते एवढेच की काल चाललेले यंत्र आज चालणार नाही आणि त्यात यंत्राचा काही दोष नाही.

दुसरे दुखणे संथपणाचे. ‘चिपवरच्या घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल’ असे अनुमान गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडले. यंत्रे खरोखरच झपाट्याने वेगवान झाली. मग पत्र उघडायला तेवढाच वेळ का लागतो? स्विस संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ साली एका लेखात याच दुखण्यावर बोट ठेवले होते. यंत्र जितक्या झपाट्याने वेगवान होते, त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर सुस्त होते, असा त्याचा मथितार्थ. पगार वाढला की खर्च त्याच्या पुढे धावतो, हे कुठल्या गृहिणीला सांगायला हवे? संगणकाच्या जगातही नेमके तेच झाले. जागा मिळाली म्हणून सामान वाढले.

अभियंत्याच्या मनात इथे एक तुलना सतत चालू असते. छंद म्हणून तो जो छोटा आर्डुइनो बोर्ड वापरतो, त्यात अवघी दोन किलोबाइट स्मृती असते. तेवढ्यात टाकीतल्या पाण्याची पातळी मोजता येते, पंप बंद करता येतो, घंटी वाजवता येते. आणि टेबलावरच्या संगणकाला त्याच्या लाखो पट स्मृती असूनही साधे पान उघडताना धाप लागते! ही चिडचिड समजून घ्यायला हवी. कष्ट वाया जाताना पाहून होणारी ही चिडचिड आहे.

पगाराचा हिशेब

आता थोडे आकड्यांकडे वळू. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्र सरकारच्या सेवेत लागणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याचे सुरुवातीचे मूळ वेतन ३५,४०० रुपये ठरले. महागाई भत्ता त्यावर वेगळा. सरकारी क्वार्टर मिळाले तर घरभाडे भत्ता मिळत नाही. मिळाले नाही तर दिल्लीसारख्या शहरात जानेवारी २०२४ पासून मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे ३५,४०० वर १०,६२० रुपये घरभाडे भत्ता. दक्षिण दिल्लीत तेवढ्या पैशांत कुटुंबासाठी घर शोधून पाहा! म्हणूनच क्वार्टर हे या नोकरीतले मोठे सुख मानले जाते.

आता लॅपटॉपचा हिशेब करू. कराशिवाय ५०,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,००० रुपये. एकूण ५९,०००. नव्या अभियंत्याच्या मूळ वेतनाच्या दीडपटीहून जास्त! शाळेची फी, गावी पाठवायचे पैसे, दूध, भाजी, औषधे यांतून ही रक्कम बाजूला काढणे सोपे नसते. त्यात आता विकत घेतलेले सॉफ्टवेअरही कायमचे आपले होत नाही, अनेकांचे वर्षावर्षाला पैसे भरावे लागतात. छपाईयंत्र स्वस्तात मिळते, पण त्याची शाई घेताना डोळे पांढरे होतात.

असा खर्च समोर उभा असताना पतीने “मला पाचशे रुपयांचा एक सेन्सर मागवायचा आहे” असे म्हटले तर घरात काय वातावरण होईल, हे सांगायला नकोच. पाचशे रुपये मोठे नसतात, पण महिनाअखेरीला तेच डोळ्यांवर येतात. पत्नीला वाटते, ‘मी भाजीवाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करते आणि यांना हौस सुचते.’ पतीला वाटते, ‘मी सिनेमा पाहत नाही, पान-तंबाखू खात नाही, एवढी एक आवड आहे तीही सोडू?’ दोघांचेही खरे असते.

छंदाला लागलेली महागाई

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद आपल्याकडे नवा नाही. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक दिल्लीतून १९६९ साली सुरू झाले. त्यातली मंडलांची चित्रे पाहून कितीतरी मुलांनी पहिली घंटी, पहिला रेडिओ जोडला. सुटे भाग आणायला मुंबईकर लॅमिंग्टन रोडवर जातात, पुणेकर बुधवार पेठेत आणि दिल्लीकर लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमध्ये. संगणकाचे काही असेल तर नेहरू प्लेस. सरोजिनी नगरहून मेट्रोने लाजपत नगरला उतरून गाडी बदलली की एका दिशेला नेहरू प्लेस आणि दुसऱ्या दिशेला लाल किल्ला. छंदिष्ट माणसाचा शनिवार असा दोन टोकांमध्ये विभागलेला असतो.

२००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावी आर्डुइनोचा जन्म झाला आणि सामान्य विद्यार्थ्यालाही यंत्राला ‘बोलते’ करता येऊ लागले. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमधून रास्पबेरी पाय हा हाताच्या पंज्याहून लहान संगणक विक्रीला आला. किंमत ३५ डॉलर. मुलांनी बिनधास्त प्रयोग करावेत, बिघडला तर घरावर संकट येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. तेव्हा डॉलर ५० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ३५ डॉलरचे सुमारे १,७५० रुपये होत. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांची पातळी ओलांडली. तेच ३५ डॉलर ३,१५० रुपयांचे झाले, वाहतूक आणि कर वेगळे. वस्तूची किंमत परदेशात एका पैशाने वाढली नाही तरी आपल्या घरात ती जवळपास दुप्पट होते, ती अशी.

त्यात २०२५ च्या अखेरीस स्मृतीच्या चिप जगभर महागल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मोठमोठी माहिती केंद्रे उभी राहत आहेत आणि चिपचा मोठा वाटा तिकडे जात आहे. ही स्मृती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजून तीन. त्यांपैकी मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात रास्पबेरी पायच्याही काही बोर्डांच्या किमती वाढल्या. जुन्या संगणकात थोडी स्मृती घालून तो आणखी तीन वर्षे वापरू, असा बेत आखलेल्या घराला याचा थेट फटका बसला. कुठे अमेरिकेतली माहिती केंद्रे आणि कुठे सरोजिनी नगरचे क्वार्टर! पण बाजार असा जोडलेला आहे खरा.

छंदाने घराला काय दिले?

मग हा छंद बंद करावा का? आमच्या मते मुळीच नाही. मात्र छंदाने घराला काही परतफेड करावी, अशी अपेक्षा गैर नाही. तशी परतफेड करता येते.

सर्वांत सोपे उदाहरण पाण्याचे. दिल्लीच्या कितीतरी भागांत पाणी ठरावीक वेळीच येते. टाकी भरून वाहू लागली की पाणी आणि वीज दोन्ही वाया. टाकी भरताच घंटी वाजवणारे मंडल ही नवशिक्यालाही जमणारी गोष्ट आहे. ती घंटी एकदा वाजली की घरातल्यांचे छंदाविषयीचे मत बदलायला वेळ लागत नाही.

दुसरे उदाहरण हवेचे. हिवाळ्यात दिल्लीची हवा कशी असते ते सांगायला नको. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी आपल्या देशाने ठरवलेली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि दिल्लीत ती वारंवार ओलांडली जाते. २०१३ साली बीजिंगमध्ये राहणाऱ्या थॉमस टॅलहेम या अमेरिकी संशोधकाने साध्या पंख्याला हेपा गाळणी बांधून घरगुती हवाशुद्धक तयार केला. २०२० मध्ये अमेरिकेतच रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थाल यांच्या नावाने ओळखली जाणारी चार गाळण्या आणि एक पंखा यांची पेटी लोकप्रिय झाली. या दोन्हींमागचे तत्त्व एकच, चांगली गाळणी आणि तिच्यातून हवा ओढणारा पंखा. बाकी सारी सजावट. पंखा तापत नाही ना, एवढे पाहून घरातल्या जाणत्याने हे काम केले तर मुलांच्या खोलीची हवा सुधारते आणि महागड्या यंत्राचे पैसे वाचतात.

तिसरे उदाहरण विजेचे. अनेक छंदिष्ट मंडळी जुना संगणक चोवीस तास चालू ठेवतात. त्यावर घरचे फोटो साठवतात, पाळत ठेवणारा कॅमेरा जोडतात. पण १०० वॅट ओढणारा संगणक दिवसाला २.४ युनिट आणि महिन्याला ७२ युनिट वीज खातो. तेच काम पाच वॅटच्या छोट्या बोर्डावर केले तर महिन्याला फक्त ३.६ युनिट. दिल्ली सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये महिना २०० युनिटपर्यंतच्या वापराला संपूर्ण सवलत देणारी योजना लागू केली, तेव्हा हाच हिशेब अनेक घरांना महत्त्वाचा ठरला. १५० युनिटवर भागवणारे घर अशा एका संगणकामुळे २२२ वर पोहोचते आणि मर्यादा ओलांडते! ‘फुकटात मिळालेला’ जुना संगणक असा महाग पडू शकतो. अभियंत्यानेही हा हिशेब मांडायला हवा.

अडचणीतून उभे राहिलेले काम

साधने अपुरी असताना काम उभे करण्याची परंपरा दिल्लीला आणि महाराष्ट्राला नवी नाही. १९७६ साली शिव नाडर, अजय चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, व्यवसाय सुरू केला. पुढे तीच एचसीएल. १९७८ मध्ये त्यांनी आपला संगणकही बाजारात आणला.

विजय भटकरांचे उदाहरण तर आपल्या घरचेच. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा हा मुलगा पीएचडीसाठी दिल्लीच्या आयआयटीत आला. सरोजिनी नगरपासून ही संस्था काही किलोमीटरवरच आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक देण्यास नकार दिला. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एकच प्रचंड प्रोसेसर मिळत नाही ना, मग अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्याकडून काम वाटून घेऊ, हा त्यामागचा विचार होता. घरातल्या पेटीतले सामान म्हणजे परम नव्हे, हे खरे. पण ‘जे नाही त्यावर रडण्यापेक्षा जे आहे त्यातून काय होईल’ ही बुद्धी तीच आहे आणि ती अशा पेट्यांपाशीच वाढते.

उघडताच येणार नसेल तर?

इथे एक गंभीर अडचण आहे. पूर्वीच्या संगणकात स्मृतीची पट्टी काढून दुसरी बसवता येत असे. २००० सालानंतरच्या काही वर्षांत जगभरच्या मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगून फुटू लागले होते. तेव्हा हाताला सोल्डरिंगची सवय असलेल्यांनी ते थोड्याशा खर्चात बदलून कितीतरी यंत्रे वाचवली. आज अनेक लॅपटॉपमध्ये स्मृती बोर्डावर कायमची चिकटवलेली असते, बॅटरी गोंदाने बसवलेली असते. सदरा असा शिवला आहे की बटण लावायला सुई घुसूच नये!

ग्राहकांनी याविषयी बोलायला हवे. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने या चार क्षेत्रांतल्या कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी, असा त्याचा उद्देश आहे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण खरेदीच्या वेळी दुकानदाराला “यातली स्मृती वाढवता येते का? बॅटरी बदलता येते का?” असे विचारणारे ग्राहक किती? रंग आणि वजन सगळे विचारतात. सरोजिनी नगरात सदऱ्याची शिवण उलटून पाहणारे आपण लॅपटॉप मात्र न पाहताच घेतो.

नवा संगणक घेण्यापूर्वी हे करून पाहा

१. संगणक संथ असेल आणि त्यात जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवा. सर्वांत ठळक फरक यानेच पडतो.

२. दिल्लीच्या धुळीने पंखा आणि झरोके बुजतात, यंत्र तापते आणि आपोआप मंदावते. वर्षातून एकदा सफाई करून घ्या.

३. घड्याळ आणि तारीख वरचेवर चुकत असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असण्याची शक्यता असते. ती स्वस्त असते आणि सहज बदलता येते.

४. विंडोज ११ चालत नसेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू या विनामूल्य प्रणालींचा विचार करा. सी-डॅकनेही बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली आहे. पत्रे लिहिणे, इंटरनेट, मुलांचा अभ्यास यांना त्या पुरतात. मात्र कार्यालयाचे एखादे सॉफ्टवेअर किंवा डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण त्यांवर चालते का, ते आधी तपासा.

५. बदल करण्यापूर्वी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवा.

६. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, घरी उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात जीवघेणा दाब शिल्लक राहतो. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नका.

७. सोल्डरच्या तारेत बहुधा शिसे असते. हे काम स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलावर नको. खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना दूर ठेवा.

८. दुरुस्त केलेला जुना संगणक घेताना पक्के बिल आणि लेखी हमी मागा. टाकाऊ संगणक भंगारात देण्यापूर्वी डिस्क पुसा किंवा काढून घ्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. शक्यतो नोंदणीकृत संस्थेकडेच तो द्या. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या भागांत हाताने तार जाळून आणि आम्ल वापरून धातू काढले जातात, त्याची किंमत तिथल्या कामगारांचे आरोग्य मोजते.

घरातला करार

शेवटी प्रश्न पैशांचा आहे तितकाच मनांचाही आहे. ज्या घरात छंदाच्या खर्चावरून कुरबूर होते, तिथे पती-पत्नींनी एकदा वही घेऊन बसावे. दरमहा छंदासाठी ठरावीक रक्कम काढावी, ती कितीही लहान असो. ती संपली की पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचे, हे पतीने पाळावे. आणि त्या रकमेचा जाब विचारायचा नाही, हे पत्नीने पाळावे. अर्थात पत्नीच्या आवडीसाठीही तेवढीच रक्कम निघायला हवी. भरतकाम असो, पुस्तके असोत की मैत्रिणींबरोबरची सहल, तिचा छंद म्हणजे ‘वायफळ’ आणि त्याचा म्हणजे ‘तांत्रिक’, असा दुजाभाव नको. घरात अभियंता पत्नी असेल आणि पेटी तिची असेल, तरी नियम हाच.

त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर छंदाने वाचवलेले पैसेही लिहावेत. दुरुस्त केलेला मिक्सर, पुन्हा चालू झालेला संगणक, टाकीची घंटी. वर्षाअखेरीला दोन्ही पाने समोरासमोर ठेवली की बरेच गैरसमज दूर होतात. आणि दुसरे पान कोरेच राहिले, तर अभियंत्यालाही काही गोष्टी न सांगता कळतात!

पेटीतल्या सामानाची वर्षातून एकदा छाननी करावी. दोन वर्षांत ज्याला हात लागला नाही ते एखाद्या शाळेच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेला देता येते. तिथे त्याचे सोने होते.

आणि एक काम प्रत्येक अभियंता पालकाने करावेच. पुढच्या रविवारी संगणकाचे झाकण उघडाल तेव्हा मुलीला आणि मुलाला शेजारी बसवा. ‘हात लावू नकोस, मोडेल’ असे न म्हणता स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हाती द्या. स्मृती कुठली, डिस्क कुठली, पंखा का फिरतो, ते दाखवा. त्या मुलांना पुढे महागाई असणारच आहे, नवनवी यंत्रे विकायला टपलेला बाजारही असणार आहे. बंद पडलेली वस्तू आधी उघडून पाहावी, मग टाकावी, एवढी एक सवय त्यांना लागली, तर तुमच्या पत्र्याच्या पेटीचे सगळे पैसे वसूल झाले असे समजा.